ताईची ओनो: सूतगिरणीतून आलेला इंजिनिअर आणि तुमच्या फोनमधला कानबान बोर्ड

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा ऑफिसच्या कामासाठी तुम्ही ट्रेलो, जिरा किंवा नोशन कधी ना कधी उघडलं असेल. त्यातला एक बोर्ड तुमच्या ओळखीचा असेल. डावीकडे करायची कामं, मधे चालू असलेली, उजवीकडे झालेली. काम पुढे सरकलं की कार्ड बोटाने ओढायचं आणि पुढच्या रकान्यात सोडायचं. याला कानबान बोर्ड म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की हे एखाद्या सिलिकॉन व्हॅलीच्या कंपनीच्या डोक्यातून निघालं असणार. पण कानबान हा जपानी शब्द आहे, त्याचा अर्थ साधा पाटी किंवा फलक असा होतो, आणि ज्या माणसाने कारखान्यात ही कार्डं फिरवायला सुरुवात केली त्याने नोकरीची सुरुवात कॉम्प्युटरपाशीही केली नव्हती आणि गाड्यांपाशीही नाही. तो एका सूतगिरणीत लागला होता. त्याचं नाव ताईची ओनो.

सूतगिरणी म्हटलं की आम्हा यवतमाळच्या लोकांचे कान टवकारतात. आमच्याकडे कापूस पिकतो आणि बराचसा बाहेर जातो. डिसेंबर-जानेवारीत कुठल्याही जिनिंगसमोर उभे राहा, गेटपासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग दिसेल. लहानपणी मी मामासोबत अशा रांगेत एक अख्खी रात्र काढली आहे. ट्रॉलीचं भाडं चालू, मामाची मजुरी बुडालेली, आणि कापूस वाळून हलका होतोय तो वेगळाच. सकाळी नंबर लागला तेव्हा माप आणि पट्टी मिळून काम अर्ध्या तासात आटोपलं. म्हणजे काम अर्ध्या तासाचं आणि थांबणं रात्रभराचं. ओनोने आयुष्यभर याच गोष्टीचा पिच्छा पुरवला, म्हणून ही रांग लक्षात ठेवा.

आणखी एक धागा आहे. वऱ्हाडातला आखूड धाग्याचा कापूस इंग्रजांच्या काळात मुंबईच्या बाजारात उमरा या नावाने विकला जायचा, उमरावती म्हणजे आपल्या अमरावतीवरून. 1893 साली मुंबई ते कोबे अशी बोटसेवा सुरू झाली, त्यात जमशेदजी टाटांचा हात होता, आणि पुढच्या काही वर्षांत जपान हा भारतीय कापसाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक झाला. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आपली शकुंतला रेल्वेसुद्धा मुळात कापूस वाहायलाच टाकलेली. इथून गठाणी निघायच्या, मुंबईला बोटीत चढायच्या आणि जपानच्या गिरण्यांत त्यांचं सूत व्हायचं.

मंदीतली नोकरी

ओनोचा जन्म 29 फेब्रुवारी 1912 चा, म्हणजे तारखेप्रमाणे वाढदिवस चार वर्षांतून एकदाच. जन्मगाव चीनमधलं दालियान बंदर, जे तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. नागोयाच्या तांत्रिक शाळेतून मेकॅनिकल शिकून तो 1932 साली बाहेर पडला तेव्हा जगभर मंदी होती. नोकऱ्या नव्हत्या. वडिलांची टोयोडा घराण्यातल्या किइचिरो यांच्याशी ओळख होती, त्या ओळखीवर त्याला टोयोडा स्पिनिंग अँड वीव्हिंग या गिरणीत जागा मिळाली. पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, भारतातल्या इंग्रज सरकारने जपानी कापडावर जकात वाढवली म्हणून जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला. 1934 च्या करारापर्यंत तो चालला. हा एकवीस वर्षांचा पोरगा त्या वेळी गिरणीच्या फ्लोअरवर उभा होता.

इथे टोयोडा आणि टोयोटा यांचा घोळ करू नका. टोयोडा हे घराण्याचं आडनाव, टोयोटा हे नंतरच्या गाडीच्या कंपनीचं नाव. घराण्याचा मूळ पुरुष साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. त्याने 1924 साली असा स्वयंचलित माग तयार केला की सूत संपलं तर माग न थांबता धोटा बदलायचा आणि उभा धागा तुटला तर मात्र आपोआप बंद पडायचा. आज ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्याआधी तुटलेल्या धाग्यावर माग तसाच चालत राहायचा आणि वार-वार कापड वाया जायचं, म्हणून प्रत्येक मागापाशी नुसतं बघत बसायला एक माणूस लागायचा. नवा माग चूक झाली की स्वतःच थांबतो, तेव्हा एकच बाई वीस-तीस माग सांभाळू शकते. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या पेटंटचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. साकिचीच्या मुलाचं, किइचिरोचं, लक्ष मोटारीकडे होतं. 1937 मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

ओनोने हा माग रोज पाहिला. दुसरी गोष्ट तो प्रतिस्पर्धी गिरणीकडे बघून शिकला. निचिबो नावाची गिरणी त्यांच्यापेक्षा स्वस्तात चांगलं सूत काढत होती. कारण शोधलं तर तिथे यंत्रं कामाच्या क्रमाने मांडलेली होती, माल छोट्या-छोट्या घाण्यांत पुढे जात होता आणि सुताचा दर्जा शेवटी तपासण्याऐवजी सुरुवातीपासूनच सांभाळला जात होता. तिथे जादूचं यंत्र वगैरे काही नव्हतं, फरक होता तो मांडणीत.

गाड्यांच्या कारखान्यात

1943 मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, ओनोची बदली टोयोटा मोटरमध्ये झाली. दोनच वर्षांत जपान हरला. शहरं जळालेली, लोखंड नाही, पैसा नाही. अशात किइचिरोने जाहीर केलं की तीन वर्षांत अमेरिकेला गाठायचं. जपानी कामगारापेक्षा अमेरिकी कामगार नऊपट माल काढतो असा तेव्हाचा अंदाज होता. ओनोला हा आकडा खटकला. अमेरिकी माणूस काही नऊपट जास्त घाम गाळत नाही, म्हणजे आपल्याकडे आठ माणसांचं काम कुठेतरी वाया जातंय, असा हिशेब त्याने मांडला. आकडा तोच, बघायची बाजू उलटी. त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ मला तरी या एका उलट्या प्रश्नात दिसतं.

मशिन शॉप त्याच्या हाताखाली होतं. तिथे जुन्या पद्धतीप्रमाणे लेथवाला फक्त लेथ चालवायचा, ड्रिलवाला फक्त ड्रिल. यंत्र धातू कापत असताना माणूस शेजारी उभा राहून बघायचा. ओनोला गिरणीतली बाई आठवली असणार. 1947 पासून त्याने यंत्रं काटकोनात आणि पुढे इंग्रजी यू अक्षरासारखी मांडायला सुरुवात केली, कापून झालं की यंत्र आपोआप थांबेल अशी सोय केली आणि एका माणसाकडे आधी दोन, मग तीन-चार वेगवेगळी यंत्रं दिली.

कामगार चिडले, आणि साहजिकच होतं ते. वर्षानुवर्षं लेथवर हात बसवलेल्या कारागिराला तू आता ड्रिलही बघ म्हणणं म्हणजे त्याची विद्या काढून घेण्यासारखंच होतं. वर आणखी भीती अशी, की चार माणसांचं काम एक करू लागला तर उरलेले तिघे जाणार कुठे? ही भीती लवकरच खरी ठरली.

1950 चं वर्ष

युद्धानंतरची महागाई आवरायला अमेरिकी सल्लागारांच्या सांगण्यावरून जपान सरकारने खर्चाला जोरदार कात्री लावली. बँकांनी हात आखडले, ग्राहकांकडे पैसा उरला नाही. टोयोटाने बनवलेले ट्रक अंगणात नुसते उभे. माल तयार आहे पण विकत घ्यायला कोणी नाही आणि पगाराला पैसे नाहीत, अशी गत. बँकांनी वाचवलं, पण अट घातली की माणसं कमी करा. दोन महिने संप चालला. शेवटी सुमारे दोन हजार लोक कंपनीतून गेले आणि जबाबदारी घेऊन किइचिरोनेही अध्यक्षपद सोडलं. आणि गंमत बघा, गंमत तरी कशी म्हणायची, त्याच जूनमध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि अमेरिकी लष्कराने टोयोटाकडे ट्रकची मोठी ऑर्डर दिली. काही आठवडे आधी आली असती तर कदाचित कोणालाच जावं लागलं नसतं. किइचिरो 1952 मध्ये वारला, पुन्हा कंपनीच्या खुर्चीत बसायच्या आधीच.

अंगणात उभे ते ट्रक ओनोच्या डोक्यातून गेले नाहीत. इतरांनी धडा घेतला की जास्त विकायला पाहिजे. त्याने घेतला तो असा, की जे विकलं जात नाही ते बनवणंच चूक आहे. गरजेपेक्षा जास्त उत्पादन हा त्याच्या यादीतला सगळ्यात मोठा गुन्हा. कारण जास्तीचा माल बाकीचे दोष झाकून टाकतो. गोदाम भरलेलं असलं की यंत्र बिघडलं तरी कोणाला कळत नाही, खराब पार्ट निघाला तरी दुसरा हजर असतो.

त्याने वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले. त्यात थांबणं आहे, विनाकारण वाहतूक आहे, साठा आहे, नको ती हालचाल आहे, गरज नसलेली प्रक्रिया आहे, सदोष माल आहे आणि सगळ्यांच्या वर ते जास्तीचं उत्पादन. जपानीत याला मुदा म्हणतात. मामाच्या ट्रॉलीला लावून बघा, सातातले निदान तीन तिथेच सापडतील. आणि एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण 33 ते 35 किलो, बाकीची बहुतेक सरकी. म्हणजे जिनिंग शेतापासून जितकं लांब, तितकं ते दोन तृतीयांश वजनही ट्रॉलीत घेऊन फिरावं लागतं.

कार्ड कसं चालतं?

आता कानबानकडे येऊ. ओनोने अमेरिकेतल्या सुपरमार्केटबद्दल ऐकलं होतं. गिऱ्हाईक हवं ते, हवं तेवढं स्वतः उचलतो आणि जेवढी फळी रिकामी झाली तेवढीच दुकानदार भरतो. जपानमध्ये तेव्हा ही पद्धत जवळजवळ नव्हती. ओनोला वाटलं की कारखान्यातल्या प्रत्येक विभागाने मागच्या विभागाला असं दुकान समजावं. आधी मागचा विभाग पार्ट बनवून पुढे ढकलायचा, पुढच्याला हवा असो वा नसो. आता पुढचा विभाग मागे येऊन लागेल तेवढं घेईल.

यासाठी 1953 च्या सुमारास त्याच्या मशिन शॉपमध्ये कार्डं आली. पार्टच्या प्रत्येक डब्याला एक कार्ड. त्यावर कुठला पार्ट, किती, कुठून कुठे, एवढंच. डबा वापरायला घेतला की कार्ड सुटतं आणि मागच्या विभागाकडे जातं. कार्ड आलं तरच तिथे नवा डबा बनतो. कार्ड नाही तर काम नाही, बसा नाहीतर साफसफाई करा. कारखान्यात एकूण कार्डं किती यावरून साठा किती हे आपोआप ठरतं. साठा कमी करायचाय? एक कार्ड काढून घ्या.

तुमच्या ॲपमधल्या बोर्डवर चालू कामांच्या रकान्याला मर्यादा घालता येते ना, एका वेळी तीनच कार्डं वगैरे? ती मर्यादा म्हणजेच हे. सॉफ्टवेअरवाल्यांनी 2000 नंतरच्या दशकात ही पद्धत उचलली. खरं सांगायचं तर बहुतेक टीम रकाने घेतात आणि मर्यादा विसरतात. मग बोर्ड छान रंगीत दिसतो पण मधल्या रकान्यात चाळीस कार्डं पडलेली असतात. मर्यादेशिवाय कानबान म्हणजे नुसती यादी.

ओनो 1956 मध्ये अमेरिकेला जाऊन आला, खरं सुपरमार्केट डोळ्यांनी पाहिलं. तरी सगळ्या टोयोटात कानबान पसरायला 1962 उजाडलं. दहा वर्षं लागली. याचं एक कारण माणसं, दुसरं यंत्रं. थोडं-थोडं बनवायचं तर प्रेसचा साचा सारखा बदलावा लागतो आणि मोठ्या प्रेसचा साचा बदलायला तासन्‌तास लागायचे. म्हणून लोक एकदा साचा लावला की हजारो पत्रे ठोकून ठेवायचे. इथे शिगेओ शिंगो हा सल्लागार कामाला आला. एका हजार टनी प्रेसवर चार तासांचं काम दीड तासावर आलं आणि पुढे ओनोच्या आग्रहाने तीन मिनिटांवर. यंत्र चालू असतानाच पुढची सगळी तयारी करून ठेवायची, थांबवल्यावर फक्त बदलायचं, ही त्यामागची मुख्य युक्ती.

दोरीची गोष्टही राहायला नको. साकिचीच्या मागासारखी अख्खी लाईनच थांबली पाहिजे, असं ओनोचं म्हणणं. चूक दिसली की कुठल्याही कामगाराने लाईन थांबवायची, वर दिवा लागतो, सुपरवायझर धावत येतो. फोर्डच्या जगात लाईन थांबवणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं होतं. इथे न थांबवणं ही चूक.

कडक मास्तर

ओनो माणूस म्हणून गोड नव्हता. उत्तर सांगायचा नाही, कौतुक तर दूरच. असं सांगतात की नव्या इंजिनिअरला तो फ्लोअरवर नेऊन खडूने वर्तुळ काढायचा, त्यात उभं करायचा आणि निघून जायचा. काही तासांनी येऊन विचारायचा की काय दिसलं. त्याला जे दिसलं होतं ते पोराला दिसलं नसेल तर पुन्हा उभं राहायचं. पाच वेळा का विचारण्याची त्याची सवयही प्रसिद्ध आहे.

आपल्या फोनवर करून बघा. बॅटरी दुपारीच का संपते? लोकेशन दिवसभर चालू असतं. का? एक ॲप ते सतत मागतं. का? त्याला कायमची परवानगी दिली आहे. का? इन्स्टॉल करताना आलेला प्रत्येक बॉक्स आपण न वाचता ओके केला. का? रिचार्जची ऑफर दहा मिनिटांत संपणार होती. पॉवर बँक घेणं हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं, ओनो तिथे थांबू देत नसे.

त्याच्या तालमीतून निघालेला फुजिओ चो 1999 मध्ये टोयोटाचा अध्यक्ष झाला. योशिकी इवाता आणि चिहिरो नाकाओ या दोघांनी 1987 मध्ये शिंगिजुत्सु नावाची सल्लागार कंपनी काढली आणि पोर्शे, बोइंगसारख्यांना शिकवलं. आज लिंक्डइनवर लीन कोच असं बिरुद लावून फिरणाऱ्यांची वंशावळ शोधत गेलात तर बहुतेकांची इथे येऊन पोचते. लीन हा शब्द मात्र ओनोचा नाही, तो 1988 मध्ये जॉन क्राफ्सिक या अमेरिकी संशोधकाने वापरला.

ओनो स्वतः 1954 मध्ये संचालक आणि 1975 मध्ये कार्यकारी उपाध्यक्ष झाला. इजी टोयोडा वरून पाठीशी उभा राहिला नसता तर कारखान्यातल्या विरोधापुढे तो टिकला असता असं वाटत नाही. बाहेरच्या जगाचं लक्ष 1973 च्या तेलसंकटानंतर गेलं, जेव्हा जपानमधल्या बाकी कंपन्या गडगडल्या आणि टोयोटा त्या मानाने लवकर सावरली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 1972 मध्ये सातोशी कामाता हा पत्रकार हंगामी कामगार बनून टोयोटात राहिला आणि त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. लाईनचा वेग, थकून झोपेतही हलणारे हात, दुखापती, हे सगळं त्यात आहे. थांबणं काढून टाकलं की कामगाराचा श्वास घ्यायचा क्षणही त्यासोबत जातो. ओनोच्या हिशेबात रिकामा उभा माणूस म्हणजे मुदा होता. तो माणूस दमलाय का, हा प्रश्न त्या हिशेबात नीट बसत नव्हता, असं मला वाटतं. आज डिलिव्हरीवाल्या मुलांच्या ॲपवर जो मिनिटांचा काटा फिरतो, तो बघताना कामाताचं पुस्तक जास्त आठवतं.

आणखी एक गैरसमज, की या पद्धतीत साठा शून्य असतो. 2011 च्या भूकंपानंतर टोयोटाने पुरवठादारांना चिप्सचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. 2021 च्या चिपटंचाईत इतर कंपन्या आधी अडकल्या, टोयोटाला झळ बसली पण उशिरा. जे मिळायला वेळ लागतो ते जवळ ठेवा, हेही त्याच हिशेबात बसतं.

महाराष्ट्राशी नातं म्हणाल तर 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगरांचा कारखाना वसवला, ती किर्लोस्करवाडी. त्यांच्याच घराण्याने 1997 मध्ये टोयोटासोबत भागीदारी करून बंगळुरूजवळ बिडदीला गाड्यांचा कारखाना काढला. इनोव्हा तिथलीच. यवतमाळ-नागपूर रस्त्यावर दर दहा मिनिटांनी एक दिसते.

1978 मध्ये ओनो टोयोटातून निवृत्त झाला. त्याच वर्षी त्याचं पद्धतीवरचं पुस्तक जपानीत आलं, इंग्रजीत यायला आणखी दहा वर्षं गेली. टोयोटा सोडल्यावर तो अध्यक्ष म्हणून टोयोडाच्या त्याच गिरणी कंपनीत परत गेला, जिथे मंदीत ओळखीवर नोकरी मिळाली होती. 28 मे 1990 रोजी तो वारला. लीन हा शब्द जगभर नेणारं अमेरिकी संशोधकांचं पुस्तक त्याच वर्षी बाजारात आलं.

नागोयात टोयोडाच्या जुन्या गिरणीच्या विटांच्या इमारतीत 1994 पासून एक संग्रहालय आहे. सुरुवातीच्या दालनात कापूस, चरखे आणि माग आहेत, गाड्या नंतर येतात. साकिचीचा 1924 चा माग तिथे चालू स्थितीत ठेवलाय. धागा तुटला की तो अजूनही थांबतो.